आठ जणांचा ग्रुप, शनिवारची रात्र आणि दर वेळी तोच वैताग, काय करावं?

रातकिडा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बालिश वाटेल पण विचारतोच. आम्ही आठ जण, कॉलेजपासूनचे, नशिबाने सगळे आता एकाच शहरात, पण शहर एवढं अवाढव्य की एकाचं घर या टोकाला तर दुसऱ्याचं त्या टोकाला, मध्ये भेटायचं म्हटलं तरी कुणाचा ना कुणाचा दीड तास जातोच. महिन्यातून एक शनिवार बाहेर जायचं असं ठरलंय आणि ते ठरवायचं काम का कोण जाणे माझ्या गळ्यात पडलंय.

गेल्या शनिवारचं सांगतो म्हणजे कळेल. मंगळवारी ग्रुपवर पोल टाकला, पाच जागा, दोन वेळा. गुरुवारपर्यंत दोन मतं, त्यातलं एक माझंच. बाकीच्यांचं "कुठेही चालेल रे, तू ठरव". ठरवलं. मग शनिवारी संध्याकाळी "अरे इथे का, पार्किंग नाही", "इथे फार गर्दी असते". पोचलो तर म्युझिक इतकं जोरात की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागत होतं. लांबच लांब टेबल, मी नेमका मधोमध, डावीकडचे चौघं एका विषयावर खिदळतायत, उजवीकडचे दुसऱ्या, आणि मला धड हेही ऐकू येईना धड तेही, मी आपला दोन्हीकडे बघून मान डोलावतोय. मग बिल आलं, आठाने भागलं, एक जण नुसता बसून होता, काही घेतलंच नव्हतं म्हणा ना, त्यानेही गुपचूप तेवढेच भरले. मग बाहेर फुटपाथवर पाऊण तास कॅबची वाट, दोन कॅन्सल झाल्या. रविवारी ग्रुपवर सगळ्यांचं "काल लय मजा आली!!" आणि मी विचार करतोय की नक्की कुणाला आली.

तर प्रश्न असा की आमची मैत्री आटत चाललीये का आणि आम्ही ते कबूल करत नाहीये? की हे सगळ्यांचंच असं होतं? प्लॅनर असलेल्यांनी जरूर लिहा.

---

कानात_कापूस:

भाऊ, मैत्री वगैरे राहू दे, तुमचं टेबल चुकलंय.

मी लाइव्ह शोचं साउंड करतो, आवाज हाच धंदा, म्हणून जरा लांबण लावतो, सहन करा. माणसं गप्पा मारतात तेव्हा एका वेळी एका गप्पेत साधारण चारच जण टिकतात. पाचवा आला की गप्पा फुटतात, दोन घोळके होतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे गप्पांचे घोळके मोजून १९९५ मध्ये हेच मांडलं होतं (माणसाची १५० ओळखींची मर्यादा सांगणारे तेच ते डनबार). म्हणजे तुमच्या टेबलावर डावीकडे चार उजवीकडे चार हे व्हायचंच होतं, कुणी कुणाला टाळत नव्हतं. तुम्ही फक्त सीमेवर बसलात, ती जागा सगळ्यात वाईट, ती नेहमी प्लॅनरलाच मिळते कारण तो शेवटी बसतो.

आता आवाजाचं. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, याला लोंबार परिणाम म्हणतात, एका फ्रेंच कानाच्या डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलेली गोष्ट आहे. गंमत अशी की तुम्ही चढवला की शेजारचं टेबल चढवतं, मग तुम्ही अजून, आणि स्पीकर तसाच असताना तासाभरात हॉलचा आवाज कुठल्या कुठे जातो. रात्री आठला छान वाटलेली जागा अकराला नकोशी होते ती यामुळे. कानांच्या दृष्टीने ८५ डेसिबल साधारण आठ तास चालतं असं धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. नाचायच्या जागी शंभर सहज असतात. दुसऱ्या दिवशी कानात शीऽऽ वाजत असेल तर कानाने तक्रार केलीये असं समजा. मी तर खिशात इअरप्लग घेऊनच फिरतो, मित्र हसतात, हसू देत, पन्नाशीत मीच त्यांचं ऐकून घेणारा उरेन.

करायचं काय: लांब टेबल नको, गोल मागा किंवा चार-चारची दोन शेजारशेजारची घ्या आणि मध्येच जागा बदला. स्पीकरपासून लांब, पाठीमागे भिंत असेल तर कोपरा. आणि बोलायचं असेल तर लवकर जा. नाचायचं असेल तर मग बोलायची अपेक्षाच ठेवू नका, दोन्ही एकाच रात्री एकाच जागी होत नाही.

---

कुठेही_चालेल:

मी तुमच्या ग्रुपमधला "कुठेही चालेल" आहे. म्हणजे तुमच्या नाही, आमच्या, पण जात एकच. नाव बघा माझं.

आमची बाजू ऐका. मी मत देत नाही ते आळसामुळे नाही (थोडं आळसामुळेही). मी जागा सुचवली आणि ती फालतू निघाली तर वर्षभर ऐकावं लागतं, "ती तुझीच जागा ना रे". तुम्ही ठरवलेली फालतू निघाली तर शिव्या तुम्हाला. साधा हिशेब आहे.

पण याच्यापुढची एक भारी गोष्ट आहे. जेरी हार्वी म्हणून अमेरिकेतले मॅनेजमेंटचे प्राध्यापक होते, त्यांनी १९७४ मध्ये आपल्या सासुरवाडीचा किस्सा लिहिला. टेक्सासमधली रणरणती दुपार, सगळे घरात निवांत बसलेत, सासरे म्हणतात चला अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ. पन्नासेक मैल लांब, गाडीत एसी नाही, धूळ. बायको म्हणते छान कल्पना, हे म्हणतात सासूबाई येत असतील तर येतो, सासूबाई म्हणतात येणार म्हणजे काय. जातात, जेवण बेकार, भाजून निघून परत येतात. आणि मग हळूहळू कळतं की कुणालाच जायचं नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा! त्यांना वाटलं बाकीचे कंटाळले असतील म्हणून ते आपले बोलून गेले.

आता मला सांगा रातकिडाशेठ, त्या गोंगाटाच्या जागी आठांतल्या किती जणांना खरंच जायचं होतं? तुम्हाला तरी होतं का?

पाच पर्यायांचा पोल टाकू नका. दोनच पर्याय द्या, त्यातला एक अगदी साधा ठेवा, आणि खाली लिहा, गुरुवारी रात्रीपर्यंत उत्तर नाही तर पहिला पर्याय फायनल, नंतर कुरकुर करणाऱ्याने पुढचा महिना ठरवायचा. शेवटची अट महत्त्वाची. आमच्याकडे ती लावल्यापासून पार्किंगबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

---

हिशेबी:

सगळ्यांनी सगळं लिहिलं पण त्या "नुसता बसून होता" वाल्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

तो मी आहे. होते, म्हणजे तीन वर्षं होते. नवी नोकरी, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, घरभाडं निम्मा पगार खायचं, पित नाही, आणि दर वेळी बिल सरळ भागिले. पहिल्यांदा बोलले नाही कारण पहिल्यांदाच कसं बोलायचं. दुसऱ्यांदा बोलले नाही कारण पहिल्यांदा बोलले नव्हते. मग "ऑफिसमध्ये काम आहे", "डोकं दुखतंय", आणि ग्रुपमध्ये मी अशी बदनाम झाले की ही आजकाल येतच नाही, बदललीये. बदलले नव्हते हो, महिनाअखेर होती.

आणि समान भागणीने बिल नुसतं चुकीचं वाटलं जात नाही, मुळात फुगतं. यावर चक्क प्रयोग झालाय, उरी निझी आणि दोन सहकारी, २००४ मध्ये छापून आला. सहा-सहा जणांचे गट रेस्टॉरंटमध्ये बसवले. काही गटांना सांगितलं ज्याचं त्याने भरा, काहींना बिल सारखं वाटा, काहींना सगळं फुकट. ज्याचं त्याने भरणाऱ्यांनी सगळ्यात कमी मागवलं, वाटून भरणाऱ्यांनी जास्त, फुकटवाल्यांनी अर्थातच सगळ्यात जास्त. कारण उघड आहे, मी महाग काही मागवलं तर माझ्या खिशातून त्याचा एक षष्ठांशच जातो. आणि खरी मेख पुढे आहे, आधीच विचारलं तर बहुतेकांना वेगवेगळंच भरायचं होतं. म्हणजे परत तुमचं ते अ‍ॅबिलीन. कुणालाच नको असलेली पद्धत सगळे आनंदाने पाळतायत.

रातकिडा, तुम्ही त्याला चारचौघांत "तू कमी दे" म्हणू नका प्लीज, त्याहून वाईट काही नाही. बसताक्षणी वेटरला सांगा प्यायचं बिल वेगळं करा. एवढंच. कुणाचं नाव घ्यायचं नाही.

---

दर्यादिल:

मित्रांमित्रांत कसला आलाय हिशेब?? आम्ही कधी मोजलं नाही, आज मी उद्या तू. मोजायला लागलात की मैत्रीचं किराणा दुकान झालं समजा.

---

हिशेबी:

@दर्यादिल, "आज मी उद्या तू" हे सगळ्यांचा उद्या सारखा असेल तर छान आहे. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात कमी पगार कुणाचा ते माहीत आहे का तुम्हाला? आणि तो शेवटचा कधी आला होता?

---

दर्यादिल:

...विचार करायला लावलंत. एक जण आहे खरा. बरेच महिने आला नाही.

---

शेवटची_गाडी:

माझा मुद्दा त्या फुटपाथवरच्या पाऊण तासाचा आहे कारण तुम्ही तो एका ओळीत उरकलात आणि माझी अख्खी रात्र त्यावर असते.

मी शहराच्या टोकाला राहते. शेवटची गाडी चुकली की कॅब, आणि एकटीने लांबची कॅब मध्यरात्री म्हणजे काय ते इथल्या मुलींना सांगायला नको. त्यामुळे माझी रात्र साडेदहाला संपते, मी तिथे असते साडेअकरापर्यंत पण डोळा घड्याळावर. कुणीतरी छान किस्सा सांगत असतं आणि मी मनात गाडीच्या वेळा मोजत असते. आणि मग ते लाडिक "थांब ना गं अजून अर्धा तास, काय होतंय". थांबायला लावणारा स्वतः चालत दहा मिनिटांवर राहतो, हे हमखास.

ज्या शहरांत रात्रभर गाड्या आहेत तिथल्या लोकांचा मला खरंच हेवा वाटतो. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास असते, लंडनसारख्या शहरातसुद्धा शुक्रवार-शनिवार रात्री ट्यूब चालू ठेवायला २०१६ साल उजाडलं आणि तेही काही मार्गांवरच. तोवर तिथेही बारा-साडेबाराला सगळी सिंड्रेलाच. म्हणजे रात्र किती लांबणार हे मित्र ठरवत नाहीत, वेळापत्रक ठरवतं.

आमच्या ग्रुपने शेवटी काय केलं तर भेटायची जागा ठरवताना मध्यबिंदू बघणं बंद केलं. नकाशावरचा मध्यबिंदू कुणाच्याच कामाचा नसतो. ज्याचं घरी पोचणं सगळ्यात अवघड त्याच्या गाडीच्या लाइनवरची जागा, बाकीच्यांनी यायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. आता जाताना एका दिशेचे एकत्र निघतात, आणि घरी पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय ज्याचं घर जवळ आहे त्याने झोपायचं नाही, ही त्याची शिक्षा.

आणि अजून एक, जो गाडी चालवणार त्याने "कॉफी घेतली की उतरते" म्हटलं तर चावी काढून घ्या. कॉफीने झोप उडते, रक्तातली दारू तेवढीच राहते. लिव्हर आपल्या गतीने काम करतं, साधारण तासाला एक पेग, त्याला घाई करता येत नाही, गार पाण्याने नाही की लिंबानेही नाही. उलट जागा असलेला पिलेला माणूस जास्त धोक्याचा कारण त्याला वाटतं तो ठीक आहे. आमच्यातल्या एकाने हे शहाणपण एका दुभाजकावर चढून मिळवलं, माणसं वाचली, गाडी नाही.

---

कानात_कापूस:

@शेवटची_गाडी ताई, ती लाइनवरची आयडिया भारी आहे, चोरतोय.

---

सामान_हलवू:

मी जरा उलटं बोलतो. शनिवारची रात्र इतकी महत्त्वाची का करून ठेवलीये मुळात?

मी तिशीत या शहरात आलो, एकही ओळख नव्हती. सुरुवातीला मीही ऑफिसच्या लोकांबरोबर रात्री बाहेर जायचो, दर वेळी नवे चेहरे, तेच कुठे राहतोस, काय करतोस, आणि घरी येऊन पहिल्यापेक्षा एकटं वाटायचं. आज जे माझे मित्र आहेत ते झाले कसे तर एकाची वॉशिंग मशीन बंद पडली म्हणून तो वर्षभर कपडे घेऊन माझ्याकडे यायचा. मशीन फिरतेय, आम्ही बसलोय, काही बोलतोय किंवा बोलत नाहीये. एकीच्या तीन घरांचं सामान हलवलं. एकाबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर त्याच्या वडिलांच्या रिपोर्टची वाट बघितली. यातली एकही गोष्ट पोल टाकून झाली नाही.

जेफ्री हॉल नावाच्या कॅन्ससच्या प्राध्यापकांनी २०१८ च्या अभ्यासात तास मोजले होते, ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास फारसे कामी येत नाहीत. आता तुमचं गणित करा, महिन्यातून एक शनिवार, तीन तास, म्हणजे वर्षाला ३६. त्यातही अर्धा वेळ ऐकूच येत नाही. या हिशेबाने दोनशेला साडेपाच वर्षं लागतात. तुमचं नशीब की तुम्ही ते तास कॉलेजात कँटीनमध्ये आणि होस्टेलच्या गच्चीवर आधीच भरून ठेवलेत, आता तुम्ही जुन्या ठेवीवर जगताय. म्हणून आटतंय असं वाटतं.

आठ जणांची रात्र वर्षातून दोनदा करा, वाढदिवसासारखी. बाकी वेळ कुणाला कपाट हलवायचंय, कुणाला चष्मा निवडायचाय, कुणाला बँकेच्या रांगेत कंपनी हवीये ते बघा. मोठ्या शहरात कामांचाच तर तोटा नाही.

---

कुठेही_चालेल:

@सामान_हलवू, तुमच्याशी मैत्री केली तर कपाटं उचलावी लागतील असं दिसतंय, मी आपला पोलमध्येच बरा.

---

रातकिडा:

उशिरा लिहितोय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, थँक्स.

हिशेबीताई, तुमचं वाचून मी त्या मित्राला फोन केला, बिलाचा विषय न काढता, सहजच. बोलता बोलता कळलं की त्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेलीये. चार महिने! यात आम्ही चार वेळा भेटलो, तो प्रत्येक वेळी आला, प्रत्येक वेळी आठवा हिस्सा भरला आणि आम्ही त्याला विचारलं काय तर "कसं चाललंय", आणि तो ओरडून म्हणाला "मस्त", कारण त्या आवाजात दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. मला दोन दिवस झोप नीट लागली नाही.

तो घर बदलत होता, लहान जागेत जायचं होतं. मग काय, सामान_हलवू यांचा सल्ला शब्दशः पाळला. चौघं गेलो. कपाट लिफ्टमध्ये जाईना, तिरकं केलं, उलटं केलं, एकाने यूट्यूब लावलं, शेवटी जिन्याने सहावा मजला. चौथ्या मजल्यावर कपाट अडकलं ते अडकलंच, ना वर ना खाली, आणि आम्ही दोघं वरच्या बाजूला दोघं खालच्या बाजूला, मध्ये कपाट. तसेच पायऱ्यांवर बसलो आणि कपाटाच्या आरपार बोलत बसलो, रात्री दीडपर्यंत. त्याने तेव्हा सगळं सांगितलं, नोकरीचं, घरच्यांना अजून सांगितलं नाही ते, सगळं. तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं असावं. मग तिथले एक आजोबा दार उघडून बाहेर आले, आम्हाला वाटलं आता झापणार, त्यांनी शांतपणे स्क्रूड्रायव्हर आणून दिला आणि म्हणाले आधी दारं काढा, गाढवांनो.

आता नवीन अडचण. आठांचा ग्रुप तसाच आहे आणि त्या रात्रीबद्दल तिथे अवाक्षर नाही. बाकीच्या चौघांना कळलं की त्यांना वगळून भेटलो तर रुसतील, आणि कळणारच, कारण एकाने कपाटाचा फोटो स्टेटसला टाकलाय. काय करू?

---

शेवटची_गाडी:

नोकरीचं तुम्ही सांगू नका, ते त्याचं त्याला सांगू दे. कपाटाचं आजच सांगा, स्टेटस बघून त्यांनी विचारायच्या आत. आणि फोटोखाली लिहा की अजून पलंग राहिलाय, रविवारी चार माणसं हवीत. येतात की नाही बघा.

---

रातकिडा:

टाकलं. दहा मिनिटांत तिघांचं "येतो". चौथ्याने विचारलंय पार्किंग आहे का.